वेग वाढविलेला संगणक खेळतांना बंद कां पडतो?

संगणकाचा वेग कारखान्यानें ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर नेण्याची जी युक्ति, जिला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, ती आतां मोठ्या शहरांतील हौशी लोकांपुरती राहिलेली नाहीं. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगांव अशा ठिकाणचे विद्यार्थीही तिच्याकडे वळतांना दिसतात. बायॉसमध्यें दोन आंकडे बदलले कीं यंत्र पूर्वींपेक्षां चपळ झाल्यासारखें वाटतें. चार दिवस आनंदांत जातात. आणि मग एके सायंकाळीं खेळ ऐन रंगांत आला असतां पडदा निळा होतो, किंवा चित्र जागच्या जागीं गोठतें, किंवा यंत्र कांहीं एक न सांगतां पुन्हां पहिल्यापासून सुरू होतें. अशा वेळीं घरांत जो गोंधळ उडतो तो पालकवर्गास सांगावयास नकोच. मुलगा म्हणतो खेळच सदोष आहे, वडील म्हणतात दुकानदारानें फसविलें, आणि शेजारचे जाणते काका नवें ग्राफिक्स कार्ड घ्यावयास सांगतात. तिघांचेंही म्हणणें चुकीचें असण्याचा संभव मोठा असतो. या बिघाडाचें मूळ कोठें असतें व तें कोणत्या क्रमानें शोधावें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम ‘वेग’ म्हणजे काय तें समजून घेऊं. प्रोसेसर आपलें काम एका ठोक्याच्या तालावर करितो. इंटेल कंपनीचा ४००४ हा प्रोसेसर १९७१ सालीं निघाला, तेव्हां त्याचे ठोके सेकंदास फार तर ७ लक्ष ४० हजार पडत. आजच्या चांगल्या प्रोसेसरचे ठोके सेकंदास ५ अब्ज, म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, किंवा त्याहूनही अधिक पडतात. ५ अब्जांचा हिशेब करून पाहावा: दोन ठोक्यांमध्यें जो अवकाश राहतो तेवढ्यांत प्रकाशही केवळ ६ सेंटिमीटर चालून जातो. खडूची नवी कांडी त्याहून लांब असते. एवढ्या क्षणांत विजेच्या संदेशानें बारीक बारीक स्विचांच्या एका लांब सांखळींतून जाऊन पलीकडे आपलें उत्तर नोंदवावयाचें असतें.

शाळेचें उदाहरण घेतलें तर ही गोष्ट चटकन ध्यानांत येईल. तास संपल्याची घंटा चाळीस मिनिटांनीं वाजते. फळ्यावरील गणित बहुतेक मुलें तीस मिनिटांत सोडवितात, पण मागच्या बांकावरील एका मुलास अडतीस मिनिटें लागतात. आतां घंटा सदतिसाव्या मिनिटास वाजूं लागली तर काय होईल? इतर सर्वांचें काम पुरें होईल, फक्त त्या एकाची वही अपुरी राहील. आणि सर्वांच्या वह्या मिळून एकच उत्तर तयार करावयाचें असेल, तर तें सारें उत्तर चुकेल. प्रोसेसरमध्येंही असेंच घडतें. वेग वाढविला म्हणजे त्याचे सर्व भाग एकदम हार खात नाहींत. जो मार्ग सर्वांत लांब तो प्रथम चुकतो. आणि तोही नेहमीं नव्हे, त्या मार्गानें जाणारें काम निघेल तेव्हांच. म्हणूनच वेग वाढविलेल्या यंत्रावर निबंध लिहितां येतो, चित्रपट पाहतां येतो, आणि खेळ मात्र अर्ध्यावर कोसळतो.

मग घंटा चाळीस मिनिटांची ठेवण्यांत दोन मिनिटें फुकट जात होतीं काय? तसें नाहीं. कारखान्यांतून निघणारा प्रत्येक प्रोसेसर दुसऱ्याहून थोडाफार निराळा असतो. तो थंड देशांतील कचेरींत चालणार कीं विदर्भांतील पत्र्याच्या खोलींत, हें त्याच्या कर्त्यास ठाऊक नसतें. शिवाय वर्षानुवर्षें वापरल्यानें त्यांतील सूक्ष्म भाग किंचित मंद होत जातात. या सर्वांची तरतूद म्हणून कांहीं अवकाश राखून ठेवलेला असतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे हा राखीव अवकाश आजच खर्च करणें होय.

हा खर्च कधीं कधीं मोठा लाभदायक ठरला आहे, हें नाकबूल करण्याचें कारण नाहीं. १९९८ सालीं इंटेलनें सेलेरॉन ३००ए नांवाचा एक स्वस्त प्रोसेसर काढला. त्याचा वेग ३०० मेगाहर्ट्झ होता, व तो ६६ मेगाहर्ट्झच्या मूळ ठोक्याची साडेचार पट करून येई. हौशी लोकांनीं मूळ ठोका ६६ ऐवजीं १०० केला. त्याचे साडेचार पट ४५० झाले, आणि पुष्कळशा नगांनीं तो वेग निमूटपणें पेलला. कितीतरी महाग प्रोसेसरच्या बरोबरीनें तें स्वस्त यंत्र चालूं लागलें. त्या काळच्या कथा अजून मोठ्या चवीनें सांगितल्या जातात, आणि त्या ऐकूनच पुष्कळ मुलें या नादास लागतात. परंतु आतां परिस्थिति पालटली आहे. टर्बो नांवाच्या योजनेनें कंपन्या स्वतःच काम व तापमान पाहून प्रोसेसरचा वेग क्षणोक्षणीं वर नेतात. राखीव अवकाशांतील बराचसा भाग त्यांतच वापरला गेलेला असतो. पन्नास टक्क्यांचे दिवस गेले. आज पांच-सहा टक्के मिळाले तरी पुष्कळ.

आणि त्या पांच-सहा टक्क्यांची किंमत काय पडते? वेग वाढविल्यावर यंत्र अडखळूं लागलें कीं बहुतेक जण व्होल्टेज वाढवितात, कारण व्होल्टेज वाढलें म्हणजे स्विच लवकर फिरतात. येथें गणिताच्या विद्यार्थ्यांनीं एक नियम ध्यानांत ठेवावा: प्रोसेसरचा विजेचा खप वेगाच्या प्रमाणांत वाढतो, परंतु व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. समजा, एकाद्या प्रोसेसरचा वेग ४.७ गिगाहर्ट्झ, व्होल्टेज १.२५ आणि खप १२५ वॉट आहे. त्याचा वेग ५ गिगाहर्ट्झ केला व त्यासाठीं व्होल्टेज १.३५ केलें. वेग सुमारें ६ टक्के वाढला. खप मात्र १.०६४ गुणिलें १.१६६, म्हणजे १.२४ पट झाला. १२५ चे १५५ वॉट झाले. ही सारी वीज शेवटीं उष्णता होऊन बाहेर पडते. सहा टक्के वेगासाठीं चोवीस टक्के उष्णता, हा सौदा कोणता व्यापारी पत्करील?

हाच हिशेब आपल्या जिल्ह्याच्या हवेंत नेऊन पाहूं. प्रोसेसरवर धातूच्या पातळ पट्ट्यांचा एक ठोकळा व त्यावर पंखा बसविलेला असतो. ते दोघे मिळून उष्णता खोलींतील हवेस देतात. तेव्हां प्रोसेसरचें तापमान म्हणजे खोलीचें तापमान अधिक त्याची स्वतःची भर. दर वॉटामागें ०.४ अंश भर पडते असें धरिलें, तर १२५ वॉटांस ५० अंश व १५५ वॉटांस ६२ अंश झाले. जानेवारींत खोली २४ अंशांवर असतांना मूळ वेगाचें यंत्र ७४ वर राहील, वाढविलेलें ८६ वर राहील, दोन्ही ठीक. आतां मे महिना घ्या. वर्ध्यास त्या दिवसांत बाहेर पारा ४५ अंशांच्या वर जाणें नवलाचें नाहीं. पत्र्याखालच्या खोलींत दुपारीं ४० अंश सहज असतात. मूळ वेगाचें यंत्र ९० वर जाईल, आणि वाढविलेलें १०२ वर. पुष्कळ प्रोसेसरांची सहनसीमा १०० अंशांच्या आसपास असते. परदेशच्या किंवा बंगळुराच्या एकाद्या हौशी गृहस्थानें ‘माझें यंत्र याच आंकड्यांवर उत्तम चालतें’ असें सांगितलें तर तो खोटें बोलतो असें नव्हे. पण त्याची खोली ती आपली खोली नव्हे.

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्यावी. सीमेस पोहोंचलेला प्रोसेसर एकदम बंद पडत नाहीं. आधीं तो आपला वेग आपणच कमी करितो. तेव्हां खेळ मंद व अडखळत चालूं लागला तर उष्णतेचा संशय घ्यावा. अकस्मात कोसळणें बहुधा त्या सीमेच्या अलीकडेच घडतें, कारण यंत्र तापत जातें तसतसा विजेचा अपव्यय वाढतो, स्विच आळसावतात, व जें व्होल्टेज माघांत पुरेसें होतें तेंच वैशाखांत अपुरें पडतें. आंकड्यास कोणी हात लावलेला नसतो, तरी यंत्राचा तोल ढळतो तो असा.

आपल्या जिल्ह्यांत सेवाग्राम आहे, म्हणून चरख्याची एक हकीकत येथें सांगावीशी वाटते. ती विषयास सोडून नाहीं. १९२९ सालीं अखिल भारतीय चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं १ लक्ष रुपयांचें बक्षीस जाहीर केलें. अटींत सुताचें प्रमाण होतेंच. परंतु तो चरखा एका बाईस फारसे श्रम न होतां सतत आठ तास चालवितां आला पाहिजे, आणि वेळोवेळीं निगा राखल्यास वीस वर्षें टिकला पाहिजे, अशाही अटी होत्या. पांच मिनिटें भरधांव फिरून दाखविणारा चरखा त्यांस नको होता. तें बक्षीस कोणासच मिळालें नाहीं हें खरें. पण यंत्राची परीक्षा कशी घ्यावी, तें त्या अटींवरून शिकण्यासारखें आहे. संगणकाच्या हौशी लोकांत नेमकी उलट रीत दिसते. यंत्र सुरू झालें, पडद्यावर ५ चा आंकडा उमटला, त्याचें छायाचित्र मित्रांस धाडलें, कीं परीक्षा संपली! कातणाऱ्यास हें बरोबर ठाऊक असतें कीं चाक फार जोरानें फिरविलें म्हणजे चातीवर सूत तुटूं लागतें, आणि तुटलेलें सांधण्यांतच मिळविलेला वेळ जातो.

आतां प्रत्यक्ष शोधाकडे वळूं. यंत्र कोसळल्याबरोबर एकामागून एक उपाय करीत सुटूं नये. तें कसें कोसळलें तें आधीं वहींत लिहावें: तारीख, वेळ, कोणता खेळ, किती मिनिटांनीं, खोली किती तापली होती, पडद्यावर कोणते शब्द आले. केवळ खेळ बंद होऊन विंडोज शाबूत राहिली, कीं निळा पडदा आला, कीं दिवा विझावा तसें सारें यंत्र एकदम काळें पडलें, हे तीन प्रकार वेगवेगळे आहेत व त्यांचा रोखही वेगवेगळ्या दिशांस असतो.

यांतील शेवटच्या प्रकारांत आपल्याकडे पुष्कळदां अपराधी निघतो तो यूपीएस. ज्यावर ६०० व्हीए असें छापलेलें असतें तो यूपीएस बहुधा ३६० वॉटच देऊं शकतो. निबंध लिहितांना यंत्रास शंभरेक वॉट पुरतात. खेळांत प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड दोन्ही जोरांत आलीं कीं मागणी कित्येक यंत्रांत ४०० वॉटांच्या पुढें जाते, आणि यूपीएस हात टेकतो. पूर्वीं जेमतेम भागत होतें तेथें वेग वाढविल्यानें तीस वॉट जास्त लागले, कीं तेवढ्यानेंही पारडें फिरतें. हें ओळखण्याची रीत सोपी आहे. वीज स्थिर असेल अशा वेळीं यूपीएस बाजूस ठेवावा, यंत्र सरळ भिंतींतील प्लगास जोडावें व तोच खेळ खेळून पाहावा. यंत्र तग धरून राहिलें तर प्रोसेसर निर्दोष सुटला. कॅबिनेटमधील एसएमपीएस जुना किंवा हलका असला तरीही हींच लक्षणें दिसतात, हें मात्र विसरूं नये.

निळ्या पडद्यावर जे शब्द येतात ते दुर्बोध वाटले तरी उतरवून घ्यावे. ‘व्हिया अनकरेक्टेबल एरर’ किंवा ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’ असे शब्द असले तर संशयाचा रोख प्रोसेसरकडे व त्याच्या व्होल्टेजकडे वळवावा. ‘मेमरी मॅनेजमेंट’ आलें तर रॅम आधीं तपासावी. विंडोजमध्यें इव्हेंट व्ह्यूअर नांवाची एक रोजनिशी आपोआप लिहिली जात असते. तींत व्हिया-लॉगरच्या नांवावर नोंदी सांपडल्या तर तोही चांगला पुरावा होय. कधीं कधीं यंत्र कोसळण्याच्या कितीतरी आधींपासून, दुरुस्त करून घेतलेल्या लहान चुकांच्या नोंदी तेथें पडत असतात. याच रोजनिशींत ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी एक नोंद येते व ती पाहून पुष्कळ जण वीजपुरवठ्यास दोष देऊन मोकळे होतात. तिचा अर्थ एवढाच कीं यंत्र रीतसर बंद न होतां पुन्हां सुरू झालें. कां झालें, तें ती सांगत नाहीं.

टिपण झालें कीं पहिलें काम एकच: बायॉसमध्यें जाऊन सर्व आंकडे कारखान्याचे करून टाकावे. आपले बदललेले आंकडे आधीं वहींत उतरवून ठेवावे, म्हणजे पुढें पुन्हां शोधावे लागत नाहींत. यांत एक चकवा आहे. रॅमचा एक्सएमपी नांवाचा जो पर्याय असतो तोही एक प्रकारें वेगवाढच होय, व पुष्कळांस तें ठाऊक नसतें. तोही बंद करावा. कांहीं मदरबोर्ड तर मालकानें हात न लावतांच प्रोसेसरच्या वीजमर्यादा सैल करून ठेवतात. त्या मर्यादा प्रोसेसरच्या कंपनीनें सांगितलेल्या आंकड्यांवर आणाव्या. मग तोच खेळ, त्याच खोलींत, शक्य तर दिवसाच्या त्याच वेळीं, तीन-चार दिवस खेळावा. मुलांस हा उपाय फार आवडेल अशी आमची अटकळ आहे, कारण खेळणें हेंच यांत कर्तव्य होऊन बसतें!

या अवधींत यंत्र एकदांही कोसळलें नाहीं, तर दोष वाढविलेल्या वेगांत होता हें जवळजवळ सिद्ध झालें. तरीही कोसळलें, तर वेगास उगाच बोल लावूं नये. मग रॅमसाठीं मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम रात्रभर चालवावा, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर काढून नवा घालावा, आणि कॅबिनेट उघडून आंत डोकवावें. हिंगणघाट-वर्ध्याकडे कापसाच्या हंगामांत हवेंत जे बारीक तंतू तरंगत असतात ते पंख्याच्या तोंडाशीं घोंगडीसारखे साचतात, आणि मग पंखा फिरत असतो पण वारा कोठेंच जात नाहीं. प्लग काढून, पंख्याचें पातें बोटानें धरून, मऊ ब्रशानें तें सारें झाडून काढावें. जुन्या यंत्रांत प्रोसेसर व ठोकळा यांमधील थर्मल पेस्ट वाळलेली असते. ती पुसून नवी लावावी. उन्हाळ्यांत कूलर लावल्यास आपल्या कोरड्या हवेंत खोली चांगली उतरते, त्याचा लाभ यंत्रास अवश्य द्यावा. पण कूलरचा ओला झोत सरळ कॅबिनेटवर येऊं देऊं नये.

दोष वेगांत आहे असें ठरलें तरी कोणाच्या वेगांत, हा प्रश्न उरतोच. प्रोसेसर, रॅम व ग्राफिक्स कार्ड या तिघांचाही वेग वाढविलेला असेल तर एका वेळीं एकाचाच पुन्हां वाढवावा व प्रत्येक पायरीस यंत्राची परीक्षा घ्यावी. या परीक्षेसाठीं प्राइम९५ नांवाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध आहे. मर्सेन यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या प्रचंड मूळ संख्या शोधण्याचा जो जागतिक उद्योग १९९६ पासून चालू आहे, त्यासाठीं तो रचला गेला. त्याच्या परीक्षेंत प्रोसेसरला अशीं अवजड गणितें घातलीं जातात कीं ज्यांचीं उत्तरें आधींच ठाऊक आहेत. प्रोसेसरचें उत्तर जुळलें नाहीं कीं प्रोग्रॅम तत्काळ थांबून चूक दाखवितो. यंत्र कोसळलेलें नसतें, पण चूक पकडली जाते. ही त्याची मोठी थोरवी. परीक्षा चालू असतांना तापमान दाखविणारा एचडब्ल्यूइन्फोसारखा प्रोग्रॅम शेजारीं उघडून ठेवावा, व आंकडा सीमेकडे धांवूं लागला तर परीक्षा ताबडतोब थांबवावी.

येथें कोणी विचारील, ‘आमचें यंत्र या परीक्षेंत तासचे तास उत्तीर्ण होतें आणि खेळांत दहा मिनिटांत कोसळतें, तें कसें?’ प्रश्न रास्त आहे. परीक्षेचें ओझें सारखें असतें. डोक्यावर एकदां घेतलें कीं तें हलत नाहीं. खेळाचें ओझें क्षणांत वाढतें व क्षणांत उतरतें: दार उघडलें, नवें मैदान दिसलें, दहा शत्रू एकदम धांवून आले. प्रत्येक उसळीबरोबर विजेची मागणी एकदम चढते आणि त्या क्षणीं प्रोसेसरपाशीं पोहोंचणारें व्होल्टेज किंचित खालीं बसतें. राखीव अवकाश आधींच खर्चून टाकला असेल तर त्या पलभराच्या उतारासही यंत्र टिकत नाहीं. त्यांतच ग्राफिक्स कार्ड आपली उष्णता त्याच पेटींत ओतीत असतें, जी गोष्ट प्राइम९५ चालू असतांना घडत नाहीं. म्हणून प्राइम९५ मध्यें नापास झालेलें यंत्र निश्चित नापास; पण पास झालेल्यास अजून खेळाची तोंडी परीक्षा द्यावयाची असते.

पडद्यावरील संदेश नेहमींच खरा अपराधी दाखवितो असें नाहीं, याचें एक अलीकडचें उदाहरण फार बोलकें आहे. इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीचे शक्तिमान डेस्कटॉप प्रोसेसर ज्यांच्या यंत्रांत होते त्यांपैकीं पुष्कळांचे खेळ २०२३-२४ मध्यें वारंवार कोसळूं लागले. अनरिअल एंजिनवर रचलेले कांहीं खेळ सुरू होतांनाच बंद पडत, आणि पडद्यावर संदेश येई कीं ग्राफिक्स कार्डाची मेमरी अपुरी आहे. ज्यांच्या कार्डांत मेमरी मुबलक होती त्यांनाही हेंच वाचावें लागे. खरा प्रकार निराळा होता. खेळांतील चित्रें व इतर सामुग्री दाबून लहान केलेल्या गाठोड्यांत भरलेली असते आणि तीं गाठोडीं उलगडण्याचें काम प्रोसेसर करितो. तें करतांना प्रोसेसरच चुके, माल बिघडलेला निघे, आणि आळ मात्र बिचाऱ्या कार्डावर येई. जुलै २०२४ मध्यें इंटेलनें जाहीर केलें कीं प्रोसेसरच्या आंतील सूचनाच जरुरीपेक्षां अधिक व्होल्टेज मागत होत्या. सप्टेंबरांत अधिक खुलासा झाला: अति व्होल्टेज व उष्णता यांमुळें ठोका वाटून देणाऱ्या मंडलाचा भाग अकालीं म्हातारा होत होता, व पूर्वीं ज्या व्होल्टेजवर तो चाले त्यावर तो चालेनासा होई. बायॉसमधून नव्या सूचना देण्यांत आल्या, हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली गेली. नव्या सूचनांनीं पुढील झीज आंवरली, पण झालेली झीज भरून आली नाहीं. या पिढीचा प्रोसेसर ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं इतर कांहीं करण्यापूर्वीं बायॉस नवा करून घ्यावा. आणि आमच्या तरुण वाचकांनीं हेंही पाहावें, कीं त्या प्रोसेसरांस जें नकळत भोगावें लागलें तेंच आपण व्होल्टेज वाढवून त्यास जाणून बुजून भोगावयास लावीत असतों. व्होल्टेज वाढवून आज स्थिर झालेलें यंत्र वर्ष-दोन वर्षांनीं त्याच आंकड्यांवर पुन्हां कोसळूं लागलें तर त्यांत गूढ कांहीं नसतें.

पालकांस विशेष सांगावयाचें तें पुढेंच आहे. कोसळणें हा या चुकांचा दिसणारा भाग झाला. खेळाच्या ऐवजीं तीच चूक दुसऱ्या एकाद्या कामांत पडली तर कांहींच कोसळत नाहीं. एक आंकडा मात्र बदलतो. आपल्याकडे बहुतेक घरीं संगणक एकच असतो. त्याच्यावर मुलगा खेळतो, त्याच्यावरच वडिलांचा कापूस-विक्रीचा हिशेब असतो, मोठ्या बहिणीचा प्रकल्प असतो, लग्नाचीं छायाचित्रें असतात. खेळ कोसळला तर फार तर दहा मिनिटांचा डाव वायां जातो. हिशेबाची फाइल बिघडून जपली गेली तर तें कळावयास महिने लागतात, आणि तोंवर चांगली प्रतही पुसली गेलेली असते. म्हणून जें यंत्र घरांत सर्वांचें आहे त्याचा वेग वाढवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्यास हौस भागवावयाचीच असेल त्यानें प्रयोगास आरंभ करण्यापूर्वीं सर्व महत्त्वाच्या फाइली वेगळ्या डिस्कवर उतरवून ती डिस्क काढून ठेवावी, व हमीपत्रांतील बारीक अक्षरें वडिलांबरोबर बसून वाचावीं. नेमून दिलेल्या मर्यादेबाहेर चालवून झालेलें नुकसान हमींत बहुधा येत नाहीं.

वाढविलेला वेग सर्वस्वीं सोडवत नसेल तर काय करावें? व्होल्टेज आणखी वाढवूं नये. वेग १०० मेगाहर्ट्झनें उतरवावा. पुष्कळ यंत्रांत एवढ्यानेंच सारी पीडा जाते, आणि खेळतांना तो फरक डोळ्यांस दिसतही नाहीं. त्याचें कारणही सांगून ठेवतों. बहुतेक मोठ्या खेळांत चित्रांचा वेग प्रोसेसरवर नसून ग्राफिक्स कार्डावर अवलंबून असतो. त्यांतही घरचा पडदा जर सेकंदास ६० चित्रेंच दाखवीत असेल तर यंत्रानें १४० चित्रें रचून पाहणारास काय मिळणार? खेळाच्या सेटिंगमध्यें चित्रांची मर्यादा ६० वर बांधावी. प्रोसेसर, कार्ड व यूपीएस तिघांवरचेंही ओझें उतरतें, पंख्याचा आवाज निवतो, आणि विजेचें बिलही थोडें कमी येतें.

बहुतेक बायॉसमध्यें आंकड्यांचे एकाहून अधिक संच नांव देऊन जपून ठेवतां येतात. एक संच हिंवाळ्याचा ठेवावा. दुसरा सर्वस्वीं कारखान्याचा, आणि होळी झाली कीं तो लावावा. मृगाचा पाऊस पडून खोली निवेपर्यंत तोच राहूं द्यावा. मग दिवाळीनंतर कॅबिनेटमधील कापूस झाडून, वही उघडून, जुन्या आंकड्यांवर यंत्राची परीक्षा पुन्हां पहिल्यापासून घ्यावी. गेल्या वर्षीं तें उत्तीर्ण झालें होतें एवढ्यावर विसंबूं नये.